भद्रकालीतली ग्लोव्हदुरुस्ती आणि सेंटर फिल्डला गेलेली मुलगी

नाशकात बेसबॉलचा किंवा सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह नीट दुरुस्त करून मिळतो का, हे दर हंगामात मला कोणी ना कोणी विचारतं. मिळतो. जुन्या नाशकात, भद्रकालीच्या बाजूला एका गल्लीत तबला, ढोलकी आणि पेटी दुरुस्त करणारे एक मामा आहेत, ते करून देतात. दुकानाला पाटी नाही. बाहेर ढोलकीची खोडं टांगलेली दिसली की तेच दुकान. मी पंचवटीतल्या एका शाळेत खेळ शिकवते, मुलींचा बेसबॉलचा संघ माझ्याकडे आहे, आणि मामांनी आमच्या एका ग्लोव्हवर जे काम केलंय ते सविस्तर सांगावं असं आहे.

काम काय होतं ते आधी सांगते. आमच्या संघातली नववीतली एक मुलगी दोन वर्षं सेकंड बेसला, म्हणजे दुसऱ्या तळापाशी, खेळत होती. पाय विलक्षण चपळ, हातात जोर, आणि उंच उडालेला चेंडू कुठे पडणार हे तिला इतरांच्या आधी कळतं. अशी मुलगी इनफिल्डमध्ये, म्हणजे तळांच्या आसपासच्या आतल्या मैदानात, ठेवणं मला पटेना. यंदा तिला सेंटर फिल्डला, म्हणजे मागच्या मैदानाच्या मधोमध, नेलं. तिच्याकडे स्वतःचा ग्लोव्ह होता तो साडेअकरा इंची. सेकंड बेसला तसाच लागतो. खिसा उथळ असतो, म्हणजे चेंडू आत रुतून बसत नाही, झटकन काढून फेकता येतो. आउटफिल्डला, म्हणजे त्या मागच्या मैदानात, याच्या उलट गरज. तिथे साडेबारा ते पावणेतेरा इंची ग्लोव्ह हवा, बोटं लांब हवीत, खिसा खोल हवा. धावत जाऊन, हात पुरता लांबवून, कधी पाठमोरं होऊन झेल घ्यायचा असतो. चेंडू बोटांच्या टोकाला लागला तरी जाळीत, म्हणजे अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या विणीत, अडकला पाहिजे. उथळ ग्लोव्हमधून तो गरगरत बाहेर येतो. तिच्या हातून पहिल्या आठवड्यात असे बरेच झेल निसटले आणि बाकीच्या मुली तिच्याकडे पाहायला लागल्या. दोष तिच्या हातांचा नव्हता.

शाळेच्या कपाटात पावणेतेरा इंची एक ग्लोव्ह होता. विद्यापीठाकडून खेळलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने जाताना शाळेला दिलेला. चामडं उत्तम, जाड, अजून जिवंत. पण लेस, म्हणजे ग्लोव्ह बांधून ठेवणाऱ्या चामड्याच्या अरुंद पट्ट्या, कुजलेल्या, जाळी एका बाजूने सुटलेली, तळव्यातला नमदा, म्हणजे लोकरीचा थर, गोळा होऊन एका कोपऱ्यात बसलेला. नाशकाच्या पावसाळ्यात बंद कपाटात चामड्याला बुरशी येते आणि डिसेंबरच्या कोरड्या थंडीत तेच चामडं कडक होतं. या ग्लोव्हने दोन्ही सोसलं होतं. नवा याच तोडीचा घ्यायचा तर पैसे इतके लागतात की आमच्यासारख्या शाळेत तो विषयच निघत नाही. याआधी दुसरा एक ग्लोव्ह मी शहरात एके ठिकाणी दिला होता. त्यांनी नायलॉनची दोरी ओढून दिली. दोरी तुटली नाही, पण महिन्याभरात तिने चामड्याची भोकंच फाडली. तो ग्लोव्ह गेला तो गेलाच.

मामांचं नाव मला आमच्या संगीताच्या बाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, वादी, म्हणजे तबल्याची चामड्याची पट्टी, ओढणारा माणूस आहे, त्याला ताण कळतो. मला हे एकदम पटलं. तबल्याची पुडी वादीनेच खेचलेली असते. सगळीकडून ताण सारखा आला नाही तर तबला सुरात येत नाही. ग्लोव्हची सगळी करामतसुद्धा लेसच्या ताणातच आहे. कुठे घट्ट, कुठे सैल, यावर खिसा कुठे पडतो ते ठरतं.

मामांनी आधी कधी बेसबॉलचा ग्लोव्ह हातात घेतलेला नव्हता. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, वास घेतला, अंगठ्याच्या बाजूला दाबून पाहिला, आणि पहिला प्रश्न विचारला, ''घालणार कोण?'' मी म्हटलं, विद्यार्थिनी. ''मग तिला आणा ताई. तिच्या हाताशिवाय मला काय कळणार?'' एवढं बोलून त्यांनी ग्लोव्ह परत माझ्या हातात दिला. काम हातात घेण्याआधी असा आग्रह धरणारा कारागीर मला फार आवडतो.

पुढच्या वेळी मुलीला घेऊन गेले. त्यांनी तिला ग्लोव्ह घालायला लावला, उघडझाप करायला लावली, सोबत नेलेला चेंडू हळूच त्यात टाकत राहिले. चेंडू कुठे थांबतो ते बघून खडूने खुणा केल्या. मग वादीची निवड. माझी समजूत होती की तबल्याचीच वादी वापरतील. त्यांनी नाही म्हटलं. तबल्याची वादी कच्च्या कातड्याची असते, वाळली की लाकडासारखी टणक होते. ती तबल्याला हवीच, पण ग्लोव्हमध्ये बोटं वाकली पाहिजेत आणि तिच्या कडा भोकांना कापतील. त्यांनी कमावलेल्या चामड्याची अरुंद पट्टी रापीने कापली, कडा घासून गोल केल्या, एरंडेल तेलाचा हात फिरवला आणि ती बोटांमधून ओढून ओढून तिची लांबायची खोड आधीच काढून टाकली. नवी लेस ताणून मग ग्लोव्हमध्ये घालायची, म्हणजे खेळताना ती सैल पडत नाही. हे मला कोणत्याही दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

जुनी लेस त्यांनी एकदम उपसली नाही. तिच्या शेपटाला नवी जोडत, एकेका भोकातून, तारेच्या आकड्याने ओढत गेले, म्हणजे मूळ वाट हरवत नाही. आम्ही दोघी समोरच्या बाकड्यावर बसलो होतो. हात चालू ठेवून मामांनी मुलीला विचारलं, आधी कुठे खेळायचीस, आता जागा का बदलली. ती गप्प बसली. तिला अजूनही वाटत होतं की आपल्याला चांगलं खेळता येत नाही म्हणून मागे नेऊन उभं केलंय. तेव्हा मी दोघांनाही अमेरिकन बेसबॉलपटू लॅरी डोबीची गोष्ट सांगितली. संघातल्या मुलींना मी ती सांगतेच, पण त्या दिवशी मामांच्या प्रश्नांमुळे ती नीट सांगून झाली.

डोबीचा जन्म १९२३ चा, साउथ कॅरोलायनातल्या कॅमडेनचा. वाढला न्यू जर्सीतल्या पॅटरसनमध्ये. तेव्हा अमेरिकेत कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या लीगची दारं बंद होती, त्यांच्या वेगळ्या लीग होत्या. डोबी न्यूअर्क ईगल्सकडून सेकंड बेस खेळायचा. मध्ये युद्ध आलं, तो नौदलात पॅसिफिकमध्ये गेला, परतला, आणि १९४६ मध्ये ईगल्सने कॅन्सस सिटी मोनार्क्सना हरवून निग्रो वर्ल्ड सिरीज, म्हणजे त्या वेगळ्या लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकली. पुढच्या वर्षी १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून नॅशनल लीगमध्ये, म्हणजे दोन मोठ्या लीगपैकी एकीत, उतरला आणि ती बंद दारं त्याने उघडली. त्यानंतर अकरा आठवड्यांनी, ५ जुलै १९४७ ला, डोबी क्लीव्हलंडकडून दुसऱ्या मोठ्या लीगमध्ये, अमेरिकन लीगमध्ये, उतरला. त्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. रॉबिन्सनला आधी एक अख्खा हंगाम मॉन्ट्रियलला, खालच्या लीगमध्ये, तयारीला मिळाला होता. डोबीला तसं काहीच मिळालं नाही. क्लीव्हलंडचे मालक बिल व्हीक यांनी त्याला ईगल्सकडून घेतलं आणि तो थेट शिकागोच्या मैदानावर येऊन उभा राहिला.

पहिल्या दिवशी ड्रेसिंगरूममध्ये त्याची ओळख करून देण्यात आली तेव्हा काही सहकाऱ्यांनी त्याच्याशी हात मिळवला नाही. सरावाला तो एकटाच उभा होता, चेंडू टाकायला कोणी पुढे येईना. तेव्हा जो गॉर्डन त्याच्याकडे गेला आणि त्याच्याबरोबर झेल-फेक करू लागला. हा गॉर्डन क्लीव्हलंडचा सेकंड बेसमन होता, म्हणजे डोबीची जागा ज्याच्याकडे होती तोच. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

दुसऱ्या दिवशी डोबीला फर्स्ट बेसला उभं केलं. त्या जागेचा ग्लोव्ह वेगळा असतो आणि तो त्याच्याकडे नव्हता.

इथे मामांचा हात थांबला. ''मग?''

''उसना घेऊन खेळला.''

मामांनी मुलीकडे पाहिलं, ग्लोव्हकडे पाहिलं, आणि पुन्हा आकडा भोकात घातला. पुढचं काम त्यांनी जास्तच मन लावून केलं, असं मला वाटतं.

त्या हंगामात डोबीला बहुतेक वेळा दुसऱ्याच्या बदली बॅटिंगलाच पाठवलं. २९ सामने, ३२ वेळा बॅटिंग, ५ हिट, सरासरी ०.१५६. हा आकडा पाहून कोणीही म्हणेल की हा खेळाडू संपला. त्याला सेकंड बेस मिळणार नव्हता, तिथे गॉर्डन होता आणि शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेला, स्वतः मॅनेजर लू बुड्रो. उरलं आउटफिल्ड, जिथे तो मोठ्या लीगमध्ये कधी उभाच राहिला नव्हता. १९४८ च्या सुरुवातीला सराव शिबिर ॲरिझोनात टूसॉनला होतं. संघ ज्या हॉटेलात उतरला तिथे त्याला प्रवेश नव्हता, तो गावातल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाकडे राहायचा. आणि सकाळी मैदानावर येऊन चोविसाव्या वर्षी नवी जागा शिकायचा. शिकवायला ट्रिस स्पीकर होते, क्लीव्हलंडला १९२० साली वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन मोठ्या लीगच्या विजेत्यांमधली मालिका, जिंकून देणारे, खेळातल्या सर्वात थोर सेंटर फिल्डर्सपैकी एक. इनफिल्डला चेंडू अंगावर येतो, विचाराला वेळ नसतो. सेंटर फिल्डला वेळ असतो, आणि तोच चुकवतो: पहिलं पाऊल पुढे टाकायचं की मागे, चेंडूवरची नजर कधी काढून पळायचं, कुंपण किती लांब आहे. बॅटचा आवाज आणि चेंडूचा पहिला कोन यांवरून हे ठरवायला शिकावं लागतं. डोबी ते एका हंगामात शिकला. आधी उजव्या बाजूला, मग मध्ये. त्या वर्षी १२१ सामने, ०.३०१ ची सरासरी, १४ होम रन, म्हणजे बहुतेक वेळा कुंपणापार मारलेले फटके.

त्याच वर्षी क्लीव्हलंड वर्ल्ड सिरीजमध्ये पोचलं. चौथ्या सामन्यात, ८० हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर, डोबीने बॉस्टनचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जॉनी सेन याला होम रन मारला आणि तो सामना क्लीव्हलंडने २–१ असा जिंकला. सामन्यानंतर गोरा पिचर स्टीव्ह ग्रोमेक आणि डोबी गालाला गाल लावून हसताहेत, असा एक फोटो निघाला आणि तो देशभर छापला गेला. मी तो फोटो मोबाईलवर काढून दाखवला. मुलीने तो बराच वेळ धरून ठेवला होता. क्लीव्हलंडने ती सिरीज जिंकली. डोबी आणि त्याच्या संघातला सॅचेल पेज हे वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघातले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले.

त्यानंतर १९४९ ते १९५५, सलग सात वर्षं तो लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात होता. १९५२ मध्ये ३२ होम रन, लीगमध्ये सर्वाधिक. १९५४ मध्ये पुन्हा ३२ आणि १२६ धावा बॅटवर आणल्या, दोन्हींत लीगमध्ये पहिला. त्या वर्षी क्लीव्हलंडने १११ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून ४–० असं हरलं. त्या सिरीजच्या पहिल्या सामन्यात जायंट्सचा सेंटर फिल्डर विली मेजने पाठमोरं पळत घेतलेला झेल बेसबॉलमधला सर्वात प्रसिद्ध झेल आहे. त्या वेळी दुसऱ्या बेसवर डोबी उभा होता, हे फार कमी लोक लक्षात घेतात. झेल झाल्यावर तो तिसऱ्या बेसवर गेला, तेवढंच, कारण मेजने वळून लगेच चेंडू फेकला. माझ्या मुलींना मी ती चित्रफीत दाखवते तेव्हा झेल एकदाच पाहू देते. बाकीच्या वेळी मेजचा थ्रो आणि डोबीचं बेसवरचं धावणं पाहायला लावते. आउटफिल्डरचं काम झेल घेऊन संपत नाही, हे त्यात स्वच्छ दिसतं.

मामांना सगळ्यात जास्त धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या काळी बॅटिंगला येताना फील्डर आपापले ग्लोव्ह मैदानातच गवतावर टाकून यायचे. १९५४ च्या हंगामापासून नियमाने ते बंद झालं. म्हणजे डोबीने कारकिर्दीची पहिली काही वर्षं आपला ग्लोव्ह सेंटर फिल्डच्या गवतात सोडून बॅट हातात घेतली. ''दवात? चामडं?'' मामा म्हणाले, आणि मान हलवत राहिले. तेव्हाचे ग्लोव्ह आजच्याइतके खोलही नसत. विल्सन कंपनीचा ए-२००० हा मोठ्या, नीट मिटणाऱ्या खिशाचा ग्लोव्ह १९५७ मध्ये आला, म्हणजे डोबीची सर्वोत्तम वर्षं सरल्यावर. हे ऐकून मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं. छोट्या ग्लोव्हने त्याने ते सगळं कसं केलं, असं तिने विचारलं. दोन्ही हातांनी, असं सांगितलं. तेच मी तिलाही शिकवते. ग्लोव्ह कितीही मोठा असो, दुसरा हात जवळ हवा.

पुढचं थोडक्यात. १९५५ नंतर क्लीव्हलंडने त्याला शिकागोला दिलं, मग पुन्हा क्लीव्हलंड, मग डेट्रॉइट, आणि १९५९ मध्ये मोठ्या लीगमधला खेळ थांबला. अमेरिकन लीगमध्ये एकूण २५३ होम रन. १९६२ मध्ये जपानमध्ये चुनिची ड्रॅगन्सकडून खेळला. १९७८ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचा मॅनेजर झाला, मोठ्या लीगमधला दुसरा कृष्णवर्णीय मॅनेजर. क्लीव्हलंडने १९९४ मध्ये त्याचा जर्सीवरचा १४ क्रमांक कायमचा राखून ठेवला. बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, तो गेला १९९८ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. खेळ सोडल्यावर जवळजवळ चार दशकांनी. मला हा उशीर अन्यायच वाटतो. रॉबिन्सनने जे सोसलं तेच याने सोसलं, अकरा आठवड्यांच्या अंतराने, वेगळ्या लीगमध्ये, जिथे त्याच्या आधी कोणताही कृष्णवर्णीय खेळाडू खेळलेला नव्हता. २००३ मध्ये तो वारला.

आता पुन्हा कामाकडे. मामांनी तळव्यातला गोळा झालेला नमदा काढून पेटीच्या दुरुस्तीसाठी ठेवलेला नवा नमदा बेताने घातला, अंगठ्याच्या मुळाशी थोडा जास्त. करंगळीच्या कप्प्यात दोन बोटं घालायची आउटफिल्डरांची पद्धत असते, त्याने खिसा खोल मिटतो. मी ते सांगितल्यावर त्यांनी तिथली लेस तेवढीच सैल ठेवली. शेवटी लाकडी मोगरीने खिसा ठोकून बसवला आणि त्यात चेंडू ठेवून, वरून सुतळीने बांधून दिला.

मैदानावर त्याचा निकाल लगेच कळला. आमच्या मैदानात सेंटर फिल्ड कडुनिंबांच्या रांगेपाशी संपतं. तिथवर मी उंच चेंडू मारत राहिले. चेंडू जाळीत बसत होता, बसल्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. झाडांकडे पाठमोरं पळत तिने एक झेल घेतला तेव्हा शॉर्टस्टॉपची मुलगी दोन्ही हात वर करून ओरडली. तिथून कट-ऑफला, म्हणजे मध्ये उभं राहून चेंडू पुढे पोचवणाऱ्या मुलीकडे, फेकलेला चेंडूही सरळ आला. सबंध हंगाम ग्लोव्ह वापरात आहे, जाळी जराही ढिली पडलेली नाही.

उणिवाही सांगते. सांगितलेल्या वाराला काम मिळालं नाही, पुढच्या आठवड्यावर गेलं. मनगटाजवळची गाठ जाड झाली होती आणि मुलीला टोचत होती. परत नेल्यावर त्यांनी समोर बसून ती चपटी करून दिली, पैसे घेतले नाहीत. कडेची गोट उसवली असेल तर ते हात लावत नाहीत, त्याला मशीन लागतं, बॅगवाल्याकडे जा म्हणतात. लेस फक्त काळी मिळते. गणपतीच्या आधी दोन महिने ढोलपथकांची रीघ असते, तेव्हा ग्लोव्ह नेऊच नका, ते घेणार नाहीत, आणि रंगपंचमीला जुनं नाशिक रहाडींच्या, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदांच्या, रंगात असतं, दुकान बंद. गल्लीत गाडी जात नाही. गाडगे महाराज पुलाजवळ किंवा रविवार कारंजाच्या बाजूला लावून चालत जावं. संपूर्ण लेस आणि नमदा मिळून मला सातशे रुपये पडले. नुसती जाळी बांधायची असेल तर बरंच कमी घेतात.

ग्लोव्ह द्यायचा तर पावसाळ्याआधी द्या, ओला असेल तर सावलीत वाळवून द्या, उन्हात नको. तेल आपल्या मनाने चोपडू नका. जास्त तेल प्यालेलं चामडं लेस धरत नाही, असं मामांनी बजावून सांगितलंय. एक चेंडू सोबत न्या. आणि ज्याचा ग्लोव्ह आहे त्या खेळाडूला न्या, नाहीतर मामा तुम्हाला परत पाठवतील. सध्या आमच्या कॅचरचा मिट, म्हणजे तिचा जाड ग्लोव्ह, त्यांच्याकडे आहे, त्याच्या तळव्याचं चामडं फाटलंय. आत दुसरं चामडं लावून बघतो म्हणालेत, जमलं तर ठेवीन, नाही जमलं तर पैसे देऊ नका. आला की त्याबद्दलही लिहीन.